पाण्याजवळ पहारा कोणाचा?

वार्षिक परीक्षा संपतात, निकालाची धाकधूक ओसरते आणि घराघरांत सुट्टीचे वारे वाहू लागतात. कोणी आजोळी जाते, कोणी कोकणात उतरते, शहरातील मुले जलतरण शिबिरात नाव नोंदवतात, तर गावाकडील मुले दुपारचे जेवण कसेबसे उरकून विहिरीची वाट धरतात. एप्रिल-मेच्या काहिलीत मुलांना पाण्याची ओढ वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ती ओढ मोडून काढावी, असे प्रस्तुत लेखकास मुळीच वाटत नाही. पाण्याला न बिचकणारे मूल ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र या आनंदाची राखण करण्याचे काम मोठ्यांचे असते आणि ते काम आपण किती ढिलाईने करतो, हे एका प्रसंगाने मला शिकवले.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या शाखेतील कर्मचाऱ्यांची सहकुटुंब सहल कर्जत परिसरातील एका कृषी पर्यटन केंद्रावर गेली होती. तेथे पोहण्याचा एक छोटासा तलाव होता. एका टोकाला पाणी कमरेएवढे, तर दुसऱ्या टोकाला पुरुषभर. पाण्यात नऊ-दहा मुले खेळत होती आणि काठावर खुर्च्या टाकून आम्ही अकरा मोठी माणसे बसलो होतो. विषय अर्थातच बदल्यांचा होता. एका सहकाऱ्याची सहा वर्षांची मुलगी आपल्या लाल चेंडूमागे हळूहळू खोल बाजूला सरकली. तिने हाक मारली नाही, आरडाओरडा केला नाही. आमच्या बसचा चालक चहाचा पेला हातात घेऊन पलीकडच्या काठाने चालला होता. त्याने पेला टाकला आणि कपड्यांनिशी उडी घेतली, तेव्हा कुठे आमच्या माना वळल्या. ती मुलगी आमच्या खुर्च्यांपासून जेमतेम बारा फुटांवर होती.

नंतर प्रत्येकाला विचारले असता उत्तर एकच आले. तिच्या आईला वाटले, वडील पाहत आहेत. वडिलांना वाटले, आई पाहत आहे. उरलेल्या आम्हा नऊ जणांना वाटले, आई-वडील दोघेही पाहत आहेत. अकरा जणांच्या उपस्थितीत पहारा कोणाचाच नव्हता.

आपल्या व्यवसायात तिजोरीच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नोंदवहीत सही होते. रोकड कोणाच्या ताब्यात आहे, हे शाखेत कोणत्याही क्षणी सांगता येते. ‘कोणीतरी लक्ष ठेवील’ या भरवशावर आपण रोकड एक तासही उघड्यावर ठेवणार नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

बुडणे आवाज करीत नाही

‘गटांगळ्या खाणे’ या शब्दप्रयोगामुळे म्हणा किंवा चित्रपटांमुळे म्हणा, बुडणारा माणूस हातपाय झाडतो, ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडतो आणि दोन-तीनदा वर येऊन मग दिसेनासा होतो, अशी आपली समजूत झालेली आहे. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर बुडणाऱ्या व्यक्तींचे प्रत्यक्ष चित्रीकरण करून १९७० च्या दशकाच्या प्रारंभी हा गैरसमज दूर केला. त्याला आढळले ते असे, की बुडू लागलेली व्यक्ती पाण्यात जवळजवळ उभी असते, पायांची हालचाल फारशी नसते आणि हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात. हात वर करून इशारा करणे तिच्या स्वाधीन राहत नाही. तोंड पाण्याबाहेर येते ते एखाद्या श्वासापुरते. शरीराला श्वास आधी हवा असतो, बोलणे नंतर. त्यामुळे ओरडण्यासाठी हवाच शिल्लक राहत नाही. हा सारा झगडा वीस सेकंदांपासून फार तर मिनिटभर चालतो. लहान मुलांच्या बाबतीत तो आणखी लवकर संपतो.

म्हणून काठावरच्या माणसाने आवाजाची वाट पाहू नये. खेळणाऱ्या मुलांचा गलका हीच सुरक्षिततेची खूण असते. गप्प झालेले मूल आधी पाहावे. मान मागे टाकलेली, तोंड पाण्याच्या पातळीशी, केस कपाळावर आलेले आणि ते बाजूला सारण्याचा प्रयत्न नाही, नजर शून्यात, अशी चिन्हे दिसली की हाक मारावी. उत्तर आले नाही, तर विचार करण्यात वेळ घालवू नये.

या विषयाची व्याप्ती समजण्यासाठी एकच आकडा पुरेसा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षी आपल्या देशात बुडून मृत्यू पावलेल्यांची संख्या पस्तीस हजारांहून अधिक होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस जागतिक बुडणे प्रतिबंध दिन म्हणून घोषित केला, त्यामागे जगभरातील असेच आकडे आहेत.

एक माणूस, एकच काम

उपाय अगदी साधा आहे. मुले पाण्यात असतील तोपर्यंत एका प्रौढ व्यक्तीकडे केवळ पाहण्याचे काम असावे. या व्यक्तीने भ्रमणध्वनी दुसऱ्याकडे द्यावा, वर्तमानपत्र उघडू नये, गप्पांत रमू नये, कांदाभजी तळायला उठू नये. मद्यपान केलेले तर नसावेच. पंधरा-वीस मिनिटांनी डोळे आणि मन दोन्ही थकतात. म्हणून तेवढ्या वेळाने पाळी बदलावी आणि बदलताना स्पष्ट शब्दांत सांगावे, ‘आता मुले तुमच्या ताब्यात, आठ आहेत.’ दुसऱ्यानेही आठ डोकी मोजून ‘घेतली’ म्हणावे. हे किंचित हास्यास्पद वाटेल; रोकड मोजून घेणाऱ्यास वाटू नये. पाच वर्षांखालील मुलासाठी तर काठावरची नजरही अपुरी असते. त्याच्याबरोबर हाताच्या अंतरावर पाण्यात मोठे माणूस हवे.

निव्वळ देखरेखीने किती फरक पडतो, याचे उदाहरण बांगलादेशाने घालून दिले आहे. तेथील खेड्यांत घराभोवती तळी आणि पुष्करणी असतात, आणि लहान मुले बुडण्याच्या घटना विशेषकरून सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत, म्हणजे आया घरकामात व वडील शेतात गुंतलेले असताना घडतात, असे दिसून आले. म्हणून नेमक्या त्याच वेळेत चालणारी ‘आँचल’ नावाची पाळणाघरे गावोगावी सुरू करण्यात आली. गावातीलच एखादी स्त्री पाच वर्षांखालील मुलांना त्या चार तासांत सांभाळते. एवढ्याने तेथील लहान मुलांचे बुडून होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले.

घरातले पाणी

धोका नदी-समुद्रावरच असतो असे नाही. उन्हाळ्यात पाणीटंचाईमुळे नळाला एक दिवसाआड पाणी येते. मग घरोघरी पिंपे, टब, बादल्या भरून ठेवल्या जातात. रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल वाकून पाण्यात डोकावते. त्याच्या शरीराच्या मानाने डोके जड असल्याने तोल जातो आणि अर्ध्या बादलीतून त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. पिंपांना घट्ट झाकण, न्हाणीघराच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी आणि इमारतीच्या भूमिगत टाकीच्या झाकणाला कुलूप, या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही. टँकरचे पाणी टाकीत सोडताना झाकण उघडे असते आणि रखवालदार नेमका नळी धरण्यात गुंतलेला असतो, हेही सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

विहीर, शेततळे आणि कालवा

आपल्याकडे पोहणे शिकण्याची जुनी पाठशाळा म्हणजे विहीर. पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा पत्र्याचा हवाबंद डबा बांधून काका-मामा पोराला पाण्यात सोडत आणि स्वतः शेजारी राहत. या पद्धतीत एक शहाणपण होते: शिकणारा एकटा कधीच नसे. आज काका-मामा नोकरीनिमित्त शहरात आणि सुट्टीला गावी आलेली शहरी मुले चुलतभावंडांबरोबर विहिरीवर, असे चित्र दिसते. गावातील मुलाला विहीर पाठ असते, पाहुण्याला नसते. शिवाय मे महिन्यात पाणी खाली गेलेले असते. दिवाळीत ज्या ठिकाणाहून सूर मारला, तेथे आता दहा फुटांवर खडक असू शकतो. अनोळखी किंवा उथळ पाण्यात डोक्याकडून सूर मारल्यास मानेचा कणा दुखावून कायमचे अपंगत्व येऊ शकते. पहिल्यांदा पाण्यात उतरावे ते पायऱ्यांनी किंवा दोर धरून, पाय खाली ठेवून.

शेततळ्याचा धोका अधिक फसवा आहे आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही, असे माझे मत आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात शेततळी मोठ्या संख्येने झाली आणि कोरडवाहू भागाला त्यांचा मोठा आधार मिळाला. पाणी मुरू नये म्हणून या तळ्यांना जाड प्लास्टिकचे अस्तर घालतात. बाजू उतरत्या, अस्तर गुळगुळीत आणि ओले झाल्यावर शेवाळलेले. पाय घसरून आत गेलेल्या मुलाला काठ हाताच्या अंतरावर दिसत असतो, परंतु वर चढण्याचा प्रत्येक प्रयत्न त्याला पुन्हा खाली आणतो. चांगला पोहणारा प्रौढही या घसरणीवर थकून जातो. त्याला वाचवण्यासाठी काठावरून वाकणाऱ्याचीही तीच गत होते. विहिरीला निदान पायऱ्या किंवा कपारी असतात; येथे धरायला काहीच नसते.

उपाय दोनच, पण ते तळे भरण्यापूर्वी व्हायला हवेत. सभोवती तारेचे कुंपण आणि कुलूपबंद फाटक हा पहिला. चारही बाजूंना काठावरच्या भक्कम खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलेले, हातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर आणि त्यांना अडकवलेल्या जुन्या ट्यूब हा दुसरा. शेततळ्याच्या कर्जप्रकरणांची पाहणी करण्यास जाणाऱ्या आपल्या कृषी अधिकाऱ्यांनी मोजमाप घेताना कुंपण आणि दोर यांविषयीही दोन शब्द विचारले, तर ते शेतकरी बांधवांना अस्थानी वाटणार नाही.

नदीच्या बाबतीत उन्हाळा वेगळी फसवणूक करतो. पात्र आटलेले दिसते, परंतु वाळू उपशामुळे पडलेले खड्डे पाण्याखाली तसेच असतात. गुडघाभर पाण्यातील पुढचे पाऊल डोक्यावर पाणी घेऊन जाते. शिवाय उन्हाळी आवर्तन सुटले की कालव्याची आणि नदीची पातळी पाहता पाहता वाढते. कालव्याचे पाणी संथ दिसले तरी सिमेंटच्या अस्तरामुळे त्याला वेग असतो आणि कडेला पकड नसते. आवर्तन कधी सुटणार, हे गावातील पाटकऱ्यास किंवा शेतकऱ्यास ठाऊक असते. पाहुण्यांनी एवढी चौकशी अवश्य करावी.

समुद्रकिनारी आणि बोटीत

कोकणात किंवा गोव्यात गेल्यावर सर्वांत शांत दिसणारी जागा मुलांसाठी निवडली जाते आणि तेथेच चूक होण्याचा संभव असतो. लाटा दोन्ही बाजूंना फुटत आहेत, पण मध्येच एका पट्ट्यात फुटत नाहीत, तेथील पाणी गडद दिसते आणि फेस समुद्राच्या दिशेने जातो आहे, तर तो किनाऱ्यावर आलेल्या पाण्याचा परतीचा प्रवाह असतो. तो माणसाला तळाशी ओढत नाही. आत, खोल समुद्राकडे वाहून नेतो. त्याच्याविरुद्ध किनाऱ्याच्या दिशेने झगडणारा दमतो आणि बुडतो. अशा वेळी तरंगत राहावे, हात वर करावा आणि किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे. ही गोष्ट मोठ्या मुलांना वाळूत रेघा काढून दाखवली, तर ती कायमची लक्षात राहते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती लहान मुले नव्हती, महाविद्यालयीन तरुण होते. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले जातात. जेथे असे जीवरक्षक आणि झेंडे असतील, तोच किनारा कुटुंबासाठी निवडावा. भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिकांना विचाराव्यात. मे महिन्याच्या अखेरीस तर समुद्राचा स्वभावच पालटू लागतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीच्या काळाइतकेच खवळलेला समुद्र हेही त्याचे कारण आहे. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते होड्या वर ओढून ठेवतात, आणि पर्यटक मात्र मुलांना खांद्यावर घेऊन लाटांत उतरतात!

नौकाविहाराबाबत दोन दुर्घटना पुरेशा बोलक्या आहेत. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्यू पावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक जणांना बसवले होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातून इंदापूरच्या बाजूस येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. त्यांत दोन बालके होती. मे महिन्यातील दुपारनंतरचा वळीव धरणाच्या मोकळ्या पाण्यावर फार वेगाने येतो. आकाश भरून येऊ लागले की बोटीत बसू नये. मुलाच्या मापाचे जॅकेट मिळत नसेल, तर फेरी सोडून द्यावी. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या अंगातून वर निसटते. हवा भरलेल्या रंगीत कड्या आणि बदके ही खेळणी आहेत, जीवरक्षक साधने नव्हेत.

जलतरण तलावावर जीवरक्षक असतो आणि खोलीचे आकडे काठावर लिहिलेले असतात, म्हणून तेथे धोका कमी. परंतु मोठी मुले तेथे एक पैज लावतात, ती तत्काळ बंद करावी: पाण्याखाली कोण अधिक वेळ श्वास कोंडतो. त्यापूर्वी जोरजोराने श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घेण्याची निकड त्या वायूमुळेच जाणवत असल्याने ती जाणवतच नाही आणि मूल पाण्याखाली बेशुद्ध पडते.

उन्हाविषयी एवढेच, की अकरा ते चार मैदान आणि पाणी दोन्ही टाळावे, तासातासाने पन्हे, ताक किंवा साधे पाणी द्यावे आणि उभ्या मोटारीत मुलाला पाच मिनिटेही बंद करून जाऊ नये.

काठी, दोर, साडी

एकाला वाचवण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि एकाच घरातील तिघे जातात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचनात येतात. बुडणारी व्यक्ती हाती लागेल त्याला मिठी मारते. त्या मिठीतून पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. म्हणून आधी मदतीसाठी हाक, मग काठावर आडवे पडून काठी, बांबू किंवा दोर पुढे करणे, तरंगणारा कॅन किंवा ट्यूब फेकणे, हाच क्रम असावा. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर बुडणाऱ्या चार तरुणांपैकी दोघांना तीन स्त्रियांनी आपल्या अंगावरील साड्या सोडून, त्या पाण्यात फेकून ओढून काढले. मुलांनाही हेच शिकवावे, की मित्र बुडत असेल तर उडी मारायची नाही. ओरडायचे आणि काहीतरी फेकायचे.

आमच्या सहलीत चालकाने त्या मुलीला काठावर आणले, तेव्हा ती निपचित होती. कोणी म्हणाले, उलटे धरा. कोणी म्हणाले, पोट दाबून पाणी काढा. सुदैवाने एका सहकाऱ्याची पत्नी परिचारिका होती. तिने सर्वांना बाजूला सारले. पोट दाबल्याने किंवा उलटे टांगून फिरवल्याने फुप्फुसे मोकळी होत नाहीत. उलट पोटातील अन्न श्वासनलिकेत जाते आणि मोलाचा वेळ वाया जातो. बुडालेल्याला सर्वप्रथम हवी असते हवा. मूल श्वास घेत नसेल, तर त्याला कठीण पृष्ठभागावर उताणे निजवावे, कपाळ मागे व हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत. हालचाल दिसली नाही, तर छातीच्या मध्यभागी तळहाताच्या टाचेने मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश इतके दाब द्यावेत. तीस दाबांनंतर दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत थांबू नये. दुसऱ्याने दरम्यान १०८ किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. हे कौशल्य वाचून पूर्ण येत नाही. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस यांसारख्या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात आणि शाखांसाठी असा एखादा वर्ग आयोजित करणे अवघड नाही.

चौथ्या श्वासाला ती मुलगी खोकली. रडू लागल्यावर सर्वांना हायसे वाटले आणि काहींनी जेवणाची ताटे मांडण्याची भाषा सुरू केली. परिचारिकेने मात्र तिला रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरला. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. पाण्यात बेशुद्ध झालेल्या प्रत्येक मुलाला, आणि शुद्धीवर असूनही ज्याचा खोकला थांबत नाही, श्वास जलद चालतो, ओठ निळसर दिसतात किंवा जे अकारण सुस्त होते अशा मुलाला, विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. त्या रात्री तिला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवले; तिचे वडील खाटेशेजारच्या बाकावर बसून होते आणि बसचालक बाहेर ओट्यावर. सकाळी डॉक्टरांनी घरी जाण्याची परवानगी दिली, तेव्हा तिने पहिली चौकशी केली ती तलावात राहून गेलेल्या आपल्या लाल चेंडूची.